जुन्या रायफलवरचे शिक्के वाचायला घेतलेली दोन भिंगं: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मी वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं तपासणी विभागात गेली, त्यामुळे काडतुसाच्या बुडावरचं ओ.एफ.व्ही. (ऑर्डनन्स फॅक्टरी वरणगाव) आणि साल डोळ्यांखालून घालणं हे रोजचंच काम होतं. त्या सवयीमुळेच असेल, माझ्या भाच्यानं गेल्या श्रावणात मला बोलावलं. तो धरणगाव तालुक्यात एका शाळेत शिक्षक आहे. शाळेच्या कवायतीच्या खोलीत एक जुनी ३०३ रायफल आहे. २६ जानेवारीच्या प्रदर्शनात ती ठेवायची होती आणि शेजारी माहितीचं कार्ड लावायचं होतं. रायफल कुठली, कधीची, हे कुणालाच नक्की सांगता येईना. त्या कामासाठी मी दोन भिंगं घेतली, त्यांचा हा अनुभव.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ३०३ हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचं माप, आहे. ही रायफल डी.पी. म्हणजे फक्त ड्रिलसाठीची आहे: चेंबरला (काडतूस बसतं त्या जागेला) भोक पाडलेलं, फायरिंग पिनचं (काडतुसावर आपटणाऱ्या सुईचं) टोक कापलेलं, लाकडावर पांढरे पट्टे. शाळेकडे तिचे कागद आहेत. ते मी पाहिले, आणि मुख्याध्यापक समोर असतानाच रायफलला हात लावला. तरीही दर वेळी पहिलं काम एकच, बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, उघडून चेंबर बोटानं चाचपायचं. हत्यार निकामी आहे असं कुणी सांगितलं म्हणून ही सवय सोडू नये.

पहिलं भिंग ऑनलाइन मागवलं. डब्यावर ४० एक्स लिहिलेलं, काचेभोवती बारीक दिवे. घरी आल्यावर मी खिडकीकडे पाठ करून उभा राहिलो आणि भिंगातून खिडकीच्या गजांची प्रतिमा कागदावर पाडली. गज स्पष्ट उमटले तेव्हा भिंग आणि कागद यांत साधारण २८ मिलिमीटर अंतर होतं. २५० मिलिमीटर हे नजरेला जवळचं स्पष्ट दिसण्याचं अंतर धरतात; त्याला या अंतरानं भागलं की भिंग किती पट मोठं दाखवतं ते कळतं. उत्तर आलं जेमतेम ९. खरंच ४० पट असतं तर ते अंतर सहा मिलिमीटरच्या आसपास यायला हवं होतं. विक्रेत्याला कळवलं, उत्तर आलं नाही. याची मला मनापासून चीड आहे, कारण नव्या माणसाला वाटतं की शिक्का दिसत नाही तो आपल्याच डोळ्यांचा दोष.

आणि गंमत अशी की ९ पटसुद्धा या कामाला भरपूर आहे. खरा घोटाळा त्या दिव्यांचा निघाला.

रायफलच्या उजव्या बाजूला, बोल्टच्या मुठीच्या खाली, बट (खांद्याला टेकायचा लाकडी भाग) जिथं बसतो तिथं लोखंडी कडं असतं. मुख्य ओळख तिथंच कोरलेली असते: वर मुकुट, खाली राजाची अक्षरं, मग कारखाना, साल आणि मॉडेल. या रायफलवर रंगाचा जाड काळा थर होता. मी दिव्यांचं भिंग कड्यावर टेकवलं आणि वहीत लिहिलं: मुकुट, जी.आर., एनफील्ड, १९११, एस.एच.टी. एल.ई. (शॉर्ट ली-एनफील्ड), तीन आणि पुढे चांदणी. घरी येऊन जेवताना डोक्यात किडा वळवळला. जी.आर. म्हणजे जॉर्ज, पाचवा जॉर्ज १९१० साली गादीवर आला, तिथवर ठीक. पण ती चांदणी? तीन म्हणजे मार्क ३, ती रायफल १९०७ ची. चांदणीवाला मार्क १९१६ साली आला. महायुद्धात उत्पादन वाढवायला मॅगझिनचा कट-ऑफ (मॅगझिनमधली काडतुसं अडवणारी पट्टी) आणि लांब पल्ल्याच्या व्हॉली साइट्स (दूरवर एकत्र मारा करायचे नेम) काढून टाकल्या, ती ही सोपी केलेली आवृत्ती. १९११ साली चांदणी कुठून येणार?

पुढच्या रविवारी परत गेलो. या वेळी भिंगाचे दिवे बंद ठेवले. खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या आणि साधी टॉर्च कड्याला जवळजवळ आडवी टेकवली. उजेड डावीकडून आला तेव्हा शेवटचा आकडा '१' असाच दिसत होता. टॉर्च हळूहळू घड्याळाच्या काट्यासारखी फिरवत वरच्या बाजूला नेली, आणि त्या एकाच्या माथ्यावर एक आडवी रेघ सावली धरून उभी राहिली. १९१७. रेघ उथळ उठलेली होती, त्यात रंग भरला होता. भिंगाचे दिवे चहूबाजूंनी सारखा उजेड टाकतात, त्यात सावलीच पडत नाही, आणि शिक्का वाचायचा तो सावलीवरच. भाचा शेजारी होता. त्याला टॉर्च तीन वेळा फिरवून दाखवली, तिन्ही वेळा ती रेघ आली आणि गेली.

शाळेतले सेवक दादा सुरुवातीपासून विचारत होते, "भाऊ, हाई बंदूक इंग्रजेसनी शे ना?" कडं वाचून मी हो म्हणणार होतो. एनफील्ड म्हणजे लंडनच्या उत्तरेचा सरकारी कारखाना, त्यात शंका नाही. पण कडं सांगतं ते फक्त बॉडीपुरतं, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या लोखंडी भागापुरतं. पुढचे दोन महिने मी बाकीची रायफल वाचली आणि उत्तर बदललं.

ते वाचन दुसऱ्या भिंगावर झालं. जळगावच्या सराफ बाजारातून सोनार वापरतात तसं १० एक्सचं तीन काचांचं भिंग घेतलं. आधीच्यापेक्षा चौपट महाग. दुकानदारानं अंगठीवरचा हॉलमार्क दाखवून भिंग कसं धरायचं ते शिकवलं: भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि वस्तू भिंगाकडे आणायची. रायफल काही डोळ्याकडे आणता येत नाही, त्यामुळे मीच वाकायचो, कोपर टेबलावर टेकवून. पाठीला त्रास होतो, पण प्रतिमा कडेपर्यंत सरळ राहते. ऑनलाइनच्या भिंगात काठावरची अक्षरं वाकडी आणि जांभळी दिसायची. एनफील्डच्या तपासनीसांचे शिक्के म्हणजे मुकुट, आकडा आणि खाली ई, सगळं मिळून तांदळाच्या दाण्याएवढं. ते शिक्के मी या भिंगानंच पहिल्यांदा नीट पाहिले. स्वतः तपासणी केलेला माणूस असल्यामुळे तिथं थोडा जास्तच थांबलो. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी हाच भाग हातात घेऊन "पास" म्हटलं होतं.

आता रायफलनं काय सांगितलं ते. लाकडी पुढच्या भागात, मॅगझिनच्या किंचित पुढे, एक आडवा स्क्रू आरपार गेलेला. हा ईशापूरचा. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत रायफली दुरुस्तीला आल्या की लाकूड फाटू नये म्हणून हा स्क्रू घालत. तो दिसला की रायफल हिंदुस्थानी हातांतून गेली हे धरून चालावं, मग कड्यावर नाव कुणाचंही असो. बॅरलच्या डाव्या बाजूला '४६ असं दोन आकडी साल. म्हणजे बॅरल मूळचं नाही. बॉडीवर बाण आणि खाली आय: हा हिंदुस्थान सरकारच्या मालकीचा शिक्का. नुसता बाण, कोंबडीच्या पावलासारखा, तो ब्रिटिश सरकारचा. दोन बाण टोकाला टोक लावून असले तर माल सरकारनं विकून टाकला असं समजायचं. तसे इथं नव्हते. बोल्टच्या मुठीमागचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळत नव्हते. गोळी झाडणाऱ्या रायफलमध्ये हे धोक्याचं असतं, कारण बोल्ट त्या त्या बॉडीला मापून बसवलेला असतो. इथं मात्र त्यातून एवढंच कळलं की भाग अदलाबदल झालेत. एवढ्या सगळ्यावर शेवटी डी.पी. ठोकलेलं, सगळ्यात खोल आणि सगळ्यात बेफिकीर हातानं.

दादांना मग मी सांगितलं की बॉडी इंग्लंडची, पण उरलेलं आयुष्य आपल्याकडचं.

गावात आणखी एक समजूत होती, की ही रायफल भिल्ल कोअरची. धरणगावला त्याचं अप्रूप असणं साहजिक आहे. जेम्स औट्रमनं १८२५ साली खानदेश भिल्ल कोअर उभी केली ती इथंच. पण तेव्हाच्या बंदुका चकमकीच्या, तोंडातून ठासायच्या. १९१७ च्या रायफलचा त्या दिवसांशी संबंध लावता येत नाही, आणि तसा एकही शिक्का तिच्या अंगावर नाही. कार्डावर ते लिहायचा आग्रह झाला, मी नकार दिला. दोन मंडळी नाराज झाली. तरी मला ते बरोबरच वाटतं.

हे काम कळल्यावर यावलकडचे एक ओळखीचे केळीवाले म्हणाले, आमच्याकडेही आजोबांची ३०३ आहे, परवान्यावरची. पाहिलं तर ती ३१५. बॉडीची घडण तीच दिसते, म्हणून लोक फसतात. पण बॅरलवर कॅलिबर लिहिलेलं असतं, ते आधी वाचावं. ३१५ म्हणजे ८ मिलिमीटर, नागरी परवान्यावर मिळणारी. तिसरा भाऊबंद म्हणजे ४१० ची मस्केट. ३०३ च्याच रायफलीचं बॅरल गुळगुळीत करून ईशापूरनं ती पहारेकरी आणि पोलिसांसाठी एकेका गोळीची केली, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवून. कडं तिघींचंही सारखं दिसू शकतं. अक्षरांची आणखी एक परीक्षा: व्ही.आर. म्हणजे राणी व्हिक्टोरिया, ती जानेवारी १९०१ मध्ये वारली. व्ही.आर. खाली त्यानंतरचं उत्पादनसाल कोरलेलं दिसलं तर तो वायव्य सीमाप्रांतातल्या लोहारांच्या हातचा नकली माल समजावा. त्यांच्या शिक्क्यांत उलटा एन आणि चुकीची स्पेलिंगंही सापडतात.

भिंगांकडे परत येतो. ऑनलाइनच्या भिंगाचं सेलचं झाकण तिसऱ्या महिन्यात तुटलं. मार्चमध्ये ते टपावरच्या पत्र्याच्या खोलीत राहिलं, तेवढ्यात बटण सेल फुटून हिरवट राड झाली. आपल्याकडच्या उन्हात सेल आत ठेवू नयेत, हे मला आधी सुचायला हवं होतं. सराफी भिंगात सेलच नाही. त्याचा एकच त्रास, घाम. भुवईचा घाम काचेवर उतरतो आणि प्रतिमा धुरकट होते. मऊ सुती फडकं जवळ ठेवतो आणि आधी फुंकर मारून धूळ उडवतो, कारण काळ्या मातीची धूळ तशीच पुसली तर काचेवर ओरखडे पडतात. लोखंडाला हात लावताना हातमोजे घालतो. घामाच्या बोटांचे ठसे आठवड्याभरात तांबूस झालेले मी पाहिलेत.

टॉर्चनंही जे दिसत नाही तिथं कोरडा खडू हलक्या हातानं फिरवायचा, वाचून झालं की लगेच ब्रशनं झटकायचा. खडू ओल धरतो, राहू द्यायचा नाही. किंवा बटर पेपर ठेवून मऊ पेन्सिलीनं ठसा घ्यायचा. बॅरलवरचं '४६ मला तसंच मिळालं. शाळेतल्या एकानं पॉलिश पेपर आणून ठेवला होता, "चकाचक करू" म्हणून. मी तो कपाटात ठेवून कुलूप लावायला सांगितलं. रंगाचा थरसुद्धा त्या रायफलचा कागद आहे, आणि घासलेला शिक्का परत येत नाही.

२६ जानेवारीला मुलांनी रांग लावून पाहिलं. भाच्यानं सराफी भिंग दोरीनं टेबलाला बांधलं होतं, बाजूला टॉर्च. आठवीतली एक मुलगी बराच वेळ वाकून राहिली, मग टॉर्च वरच्या बाजूला नेली आणि मागच्या पोरीला म्हणाली, "आता बघ, सात झाला." कार्डावर चारच ओळी आहेत: बॉडी एनफील्ड, इंग्लंड, १९१७. बॅरल १९४६. दुरुस्ती ईशापूर. नंतर कवायतीसाठी.