अर्धशिशी: बर्फ की गोळी?

रत्नागिरी-मालवणकडच्या दमट ऑक्टोबरात घाम गेला, जेवण टळलं, की अर्धं डोकं ठणकू लागतं. बर्फ पंच्यात गुंडाळून मानेवर 15 मिनिटं ठेवावा. थेट लावला तर कातडी पोळते. (मासळीच्या पेटीतला नको, वासानेच उलटी होईल.) कळ बोथट होते, झटका थांबेलच असं नाही.

म्हणून आमचा कौल आधी गोळीला, मग अंधाऱ्या माजघरात बर्फाला. आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम, थोडी पेज पिऊन, ठणका सुरू होताच. उशीर झाला तर जठर मंदावतं, गोळी तिथेच पडून राहते. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असेल तर ती नकोच. महिन्याला 15 दिवस घेत राहिलात, तर गोळीमुळेच डोकं दुखू लागतं.