एकच फिल्टर, की आलटून पालटून दोन?

न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या एका मित्राने नुकताच हॉट टब, म्हणजे घराबाहेर ठेवायचा गरम पाण्याचा मोठा टब, घेतला. आठवड्याभरात त्याचा फोन: "फिल्टर एकच पुरतो ना रे? दुसरा उगाच कशाला?" दुकानदार दुसरा गळ्यात मारतोय, असं त्याला वाटत होतं. मी दोन्ही प्रकार करून बसलोय, म्हणून फोनवर सांगितलं तेच इथे जरा सविस्तर.

पहिला प्रकार म्हणजे एकच कार्ट्रिज, म्हणजे टबातून काढता येणारा, कापडाच्या घड्याघड्यांचा नळकांड्यासारखा फिल्टर. दर दोन आठवड्यांनी काढायचं, पाइपने धुवायचं, क्लीनरचा स्प्रे मारून पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा धुवायचं आणि लगेच बसवायचं. दुसऱ्या प्रकारात कार्ट्रिजं दोन. एक टबात, दुसरं रात्रभर बादलीत भिजून, सुकून कपाटात.

पहिल्या प्रकारावर मी दीडेक वर्ष काढलं आणि त्याला नावं ठेवणार नाही. अर्ध्या तासात मोकळे. घरात दोघंच असाल, टबात उतरण्याआधी अंघोळ करत असाल आणि अंगाला लोशन नसेल, तर कदाचित एवढंच पुरेल. फक्त पाण्याची धार तिरकी धरा आणि एकेक घडी वरून खाली धुवा. समोरून धार मारली की मळ आणखी आत बसतो. प्रेशर वॉशर नकोच, त्याने पॉलिस्टरचे धागे पिंजले जातात. डिशवॉशरचा सल्लाही कुणीतरी देतंच. आमच्याकडे तो प्रस्ताव स्वयंपाकघराच्या दारातच नामंजूर झाला, आणि ते बरंच झालं.

पण आपल्या घरांत एक गोष्ट असते, ती म्हणजे तेल. आई सहा महिने राहायला आली होती. नरक चतुर्दशीला पहाटे मुलांना चोळून चोळून अभ्यंगस्नान घातलं, आणि संध्याकाळी तीच मुलं टबात. "अरे, गरम पाण्यात बसणार आहेत, तेल मुरेल चांगलं," असं वर आईचं म्हणणं. मुरलं ते फिल्टरमध्ये. दुसऱ्या दिवशी जेट्स, म्हणजे टबातल्या पाण्याच्या जोरदार धारा, लावल्याबरोबर दुधावर यावा तसा फेस, आणि पाण्याच्या रेषेवर बोटाला लागणारा चिकट पट्टा. कार्ट्रिज काढून स्प्रे मारला. वरून पांढरंशुभ्र झालं. घड्या बोटांनी फाकवून पाहिल्या तर आत पिवळट, बुळबुळीत, आणि मधल्या एका घडीत आईची टिकली चिकटलेली.

असलं तेल स्प्रेने निघत नाही. त्यासाठी कार्ट्रिज अल्कलाइन क्लीनरच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवावं लागतं. एकच कार्ट्रिज असलं तरी दोन-तीन महिन्यांतून एकदा हे करावंच लागतं. आता प्रश्न असा, की त्या रात्री टबात काय घालायचं?

माझा निर्णय इथेच झाला. उन्हाळ्यात टब एक रात्र बंद ठेवला तरी चालतं. पण जानेवारीत, बाहेर उणे दहा असताना, बारीक पाइपांतलं पाणी गोठण्याची जोखीम मी तरी घेत नाही. शिवाय पाणी थंड पडू लागलं की गोठू नये म्हणून आमचा टब पंप आपोआप सुरू करतो. एका रात्रीत काय होतंय म्हणून मी तसाच, फिल्टरशिवाय, चालू ठेवला. सकाळी पंपातून घरघर. उघडल्यावर निघालं काय, तर लेकीचं केसांचं रबर, आतल्या पंख्याला गुंडाळलेलं. दुरुस्तीला जे पैसे गेले त्यात नवं कार्ट्रिज आलं असतं आणि वर पिझ्झाही.

त्यानंतर मी दोनच तास भिजवून बसवायला लागलो. म्हणजे धड भिजवणंही नाही. त्यातून बाहेरचा नळ पाइप फुटू नये म्हणून नोव्हेंबरातच बंद केलेला, त्यामुळे बाथटबमध्ये गुडघ्यावर बसून घड्या धुवायच्या, आणि तेही घाईत, कारण बाहेर टब ताटकळलेला. मला खरा वैताग आला तो या घाईचा. दोन असले की मळकं काढायचं, स्वच्छ बसवायचं, झाकण बंद. पाच मिनिटं. मळकं बादलीत घालून गॅरेजमध्ये, आणि धुणं सवडीने रविवारी.

आणखी एक फायदा मला आधी ठाऊक नव्हता. कार्ट्रिज खडखडीत सुकलं की उरलेली बारीक धूळ हाताने थापटल्यावर आपोआप झडते. माझं एकटं कार्ट्रिज चौदा महिन्यांत लोळागोळा झालं होतं, ही जोडी तिसऱ्या वर्षात आहे. मोजमाप काही केलेलं नाही, आई परत गेल्याचाही परिणाम असेल.

दोनाचे तोटे नाहीत असं नाही. खर्च एकदम होतो. बादलीला घट्ट झाकण हवं, घरात लहान मूल असेल तर विशेषच. आणि आळस वाढतो: दुसरं आहेच म्हणून माझं मळकं कार्ट्रिज एकदा तीन आठवडे गॅरेजमध्ये पडलं होतं, त्याचा वास अजून आठवतो. घड्यांवर पाण्यातला पांढरा क्षार धरला तर पातळ केलेल्या ॲसिडमध्ये बुडवावं लागतं, पण तेल पूर्ण निघाल्यावरच. आधी ॲसिड दाखवलंत तर मळ पक्का बसतो. एक भाग ॲसिड वीस भाग पाण्यात, ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, हातमोजे घालून आणि उघड्यावर. क्लोरीनची पावडर आसपास नको, आणि कार्ट्रिज आधी खळखळून धुतलेलं हवं. मी हे वर्षातून एकदा करतो, तेही नाइलाजाने.

दुसरं घ्यायचं ठरलंच तर जुन्याच्या टोकावरचा नंबर, लांबी आणि व्यास पाहून घ्या. जरासं आखूड असलं तरी पाणी बाजूने निसटतं.

मित्राचं अजून ठरत नाहीये. त्याची आई मार्चमध्ये येतेय. मी एवढंच विचारलं, "येताना खोबरेल तेलाच्या बाटल्या किती आणतायत काकू?"