काच, रोलर आणि ट्रेडलची शाई : नागपुरात आठ महिने मोनोप्रिंट

ऑक्टोबरात सुरू केलं, आता जून संपत आलाय. दोनशेच्या वर ठसे काढले, दाखवण्याजोगे वीस-बावीस निघाले. प्रेस नाही, मशीन नाही. कडा घासून घेतलेली काच, 4 इंची रबरी रोलर, काळी शाई आणि दाबायला स्टीलचा मोठा चमचा, एवढंच सामान.

काचेवर शाई लाटायची, तिच्यात पुसून-खरवडून चित्र करायचं, वर कागद ठेवून पाठीमागून चोळायचं. तसाच ठसा परत निघत नाही. (काटेकोर मंडळी याला मोनोटाइप म्हणतात, कोरलेला ब्लॉक किंवा काही कायमचं खाली असेल तरच मोनोप्रिंट. मी दोन्ही करते, त्यामुळे भांडत नाही.)

सुरुवात मात्र काचेवर नव्हे, जिलेटिनवर झाली. जिलेटिन पावडर, ग्लिसरीन आणि पाणी गरम करून ताटात ओतलं की रबरासारखी मऊ वडी थिजते. पेरूचं पान उलटं दाबलं तर शीर न् शीर उमटते, तीही नुसत्या तळहाताच्या दाबाने. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं हे सासूबाईंना कळलं आणि ताट स्वयंपाकघरातून गॅलरीत गेलं. मग चायना ग्रासची वडी करून पाहिली. ती ठिसूळ, तिसऱ्या कागदाबरोबर कोपराच निघून आला. जिलेटिनची वडी थंडीभर छान चालली, पण मार्चअखेरीस एका दुपारी तिच्या कडा ओघळलेल्या दिसल्या. जिलेटिन 35 अंशांच्या आसपास सुटायला लागतं, ग्लिसरीनने थोडंफार सावरतं इतकंच, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 गाठतो. रबर यायच्या आधी छापखान्यांतले रोलर सरस (म्हणजे कच्चं जिलेटिनच) आणि काकवीचे असत, तेही उन्हाळ्यात असेच ढिले पडायचे. म्हणजे दुखणं जुनंच. विदर्भात राहत असाल तर वडीच्या भानगडीत फक्त दिवाळी ते होळी पडा.

पाण्याच्या शाईचंही तेच. एप्रिलात ती अर्ध्या काचेवर लाटून होईतो दुसरी बाजू सुकलेली. उपाय अपघाताने सापडला: कूलर. अर्धा तास कूलर चालवला की खोली इतकी दमट होते की शाई निवांत ओली राहते. फक्त कागद ठेवायच्या क्षणी तो बंद करायचा, नाहीतर कागद उडून नको तिथे चिकटतो. माझे दोन ठसे असे भिंतीवर निघाले.

शेवटी स्थिरावले ती तेलाच्या शाईवर. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका काकांकडे ट्रेडल मशीन, म्हणजे जुन्या पद्धतीचं छपाईयंत्र, अजून आहे. त्यांनी डब्यावरची साय बाजूला करून वाटीभर काळी शाई दिली. माझा पहिला ठसा पाहून म्हणाले, "अर्धी कर ना शाई, ताई. मग अजून अर्धी कर." सगळं मर्म यात होतं. शाई जास्त असली की रोलर चपचप आवाज करतो, रेघा बुजतात आणि कागद काचेला धरून बसतो. बरोबर असली की बारीक, कोरडी सळसळ ऐकू येते. हल्ली मी काचेकडे बघत नाही, कान देते.

कागदावर मी उगाच पैसे घालवले. 300 जीएसएमचा जाड, खरबरीत कागद चमच्याच्या दाबाला दाद देत नाही, निदान कोरडा असताना नाहीच. साधा कार्ट्रिज कागद (चित्रकलेच्या वहीत असतो तो) किंवा पातळ, गुळगुळीत हातकागद घ्या. पुसायला बाजारची फडकी नकोत. जुनं सुती धोतर शाई जशी हळुवार उचलतं तसं दुसरं काही उचलत नाही. साफसफाईला रॉकेल लागत नाही, आधी खायचं तेल आणि मग भांड्यांचा साबण पुरतो. रोलर त्याच्या रबराच्या भागावर टेकवून ठेवू नका. माझा एक तसाच राहिला, त्याला चपटा पट्टा पडला आणि आता प्रत्येक फेरीला एक फिकी रेघ मारतो. तो आकाशासाठी राखून ठेवलाय.

खरी मजा दुसऱ्या कागदात आहे. पहिला ठसा काढल्यावर काचेवर जी उरलीसुरली शाई असते, तिच्यावर लगेच दुसरा कागद दाबायचा. फिकट, धुरकट काहीतरी येतं. देगासारखा एकोणिसाव्या शतकातला मोठा फ्रेंच चित्रकारही असे फिके दुसरे ठसे काढून त्यावर पेस्टल चढवायचा. त्याने 300 हून जास्त मोनोटाइप केले. माझ्या वीस-बावीसांतले चौदा हे असे उरलेल्या शाईचे आहेत.

वैताग म्हणाल तर दोन. अक्षरं उलटी लिहावी लागतात, आणि देवनागरी उलटी लिहिताना वेलांटी दर वेळी दगा देते. दुसरा, तेलाची शाई वाळणं. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत काम व्हायचं. मागच्या सोमवारी पहिला मोठा पाऊस झाला, त्याच दिवशी दोरीवर अकरा ठसे लावले होते. आज नववा दिवस. बोट लावलं की अजून काळं होतं.