निळा की तपकिरी: लातूरच्या धुळीत दोन कीबोर्ड

मेंब्रेन कीबोर्ड (बटणांखाली रबराचा पडदा असतो तो) सोडून मेकॅनिकल (प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो तो) घ्यायचा, इथपर्यंत तुमचं ठरलंय असं धरून चालतो. त्याच्या पुढं माणूस अडकतो. एकीकडं १०४ बटणांचा, निळ्या स्विचचा, सगळे स्विच सोल्डर केलेला दणकट गडी. बँकेच्या काउंटरवर आणि कोर्टाच्या आवारात टकटकत असतो तो. दुसरीकडं ८७ बटणांचा, तपकिरी स्विचचा, हॉट-स्वॅप; म्हणजे स्विच चिमट्यानं उपटून दुसरा बसवता येतो असा. पहिला मी साडेतीन वर्षं वापरला, दुसऱ्याला आता दीड वर्ष होईल. रोजचे सहा-सात तास, बहुतेक मराठी, इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांच्या ठरीव कीबोर्ड-मांडणीत: वकील मंडळींचे करारनामे, खरेदीखतं, नोटिसा आणि महिन्यातून दोनदा एका पाक्षिकाची अक्षरजुळणी. गेम खेळायला कीबोर्ड घेणाऱ्यानं माझं ऐकू नये, त्याची गरज वेगळी.

पहिल्याबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण तेही खरं आहे. मी टायपिंग शिकलो ते लोखंडी मशीनवर, आधी मराठी तीस, मग चाळीस. बोट हळू पडलं की कागदावर अक्षर फिकं उमटायचं आणि पाठीमागून सरांचा आवाज यायचा, म्हणून बडवायची सवय लागली ती कायमची. पुढं इनस्क्रिप्टवर आलो, बोटांच्या जागा बदलल्या, जोर तेवढाच राहिला. असल्या हाताला निळा स्विच फार मानवतो. बटण अर्ध्यात गेलं की टक्कन आवाज आणि बारीकसा झटका. अक्षर पोचल्याची पावतीच. चेरी ही जर्मन कंपनी १९८३ पासून या घराण्यातले स्विच बनवतेय आणि आपल्याकडं टीव्हीएस गोल्ड या कीबोर्डनं तो टकटकाट कचेऱ्याकचेऱ्यांत पोचवला. माझा कीबोर्ड दुसऱ्या कंपनीचा होता, पण आवाज तोच. शिवाय उजवीकडं नंबरपॅड. खरेदीखतात गट नंबर, हेक्टर-आर, रक्कम, चेक नंबर असे आकडेच आकडे. नंबरपॅडची सवय असलेल्या माणसाला तो काढून घेतला की उजवा हात महिनाभर हवेत चाचपडतो. माझा चाचपडला.

आवाजाची दुसरी बाजूही सांगायला हवी. आमच्या वरच्या खोलीत नीटची तयारी करणारी तीन पोरं राहतात. लातूरात आमच्या गल्लीसारख्या गल्ल्यांत घराघरांवर अशी पोरं असतात. एका रात्री त्यातला एक खाली आला. "काका, राग मानू नका, पण अकराच्या पुढं ते टकटक वरपर्यंत येतंय. बायोलॉजी डोक्यात शिरत नाही." कीबोर्डाखाली जुना टॉवेल चौघडी करून घातला. टेबलाचा दणका कमी झाला, टकटक तशीच राहिली, कारण ती स्विचच्या पोटातूनच येते. मग रात्रीची कामं पहाटेवर नेली. एवढ्यावरून मी कीबोर्ड बदलला नसता.

बदलायला लावलं धुळीनं. घर एमआयडीसीच्या बाजूला. डाळ मिलांत तुरीची भरडाई सुरू झाली की बारीक पिवळसर भुकटी वाऱ्यावर येते. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनच्या मळण्या. मे महिन्यात खिडकी बंद ठेवली तर माणूस शिजतो, उघडी ठेवली तर टेबलावर बोटानं नाव लिहावं इतका थर. त्यात कूलरची ओल. कोरडी धूळ फुंकरीनं उडते, कूलरपुढची धूळ जागेवर बसून राहते.

स्विचच्या आत धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात. टेकताना त्या क्षणभर थरथरतात आणि ही थरथर कीबोर्डातली चिप गाळून टाकते, त्यासाठी साधारण पाच मिलिसेकंद थांबते. टेकायच्या जागी मळ बसला की थरथर लांबते, चिपला वाटतं माणसानं दोनदा दाबलं. एका दाबात दोन अक्षरं.

इंग्रजी टाइप करणाऱ्याला याचं फार काही वाटत नाही. दोन ई आले की शब्दाखाली लाल रेघ येते, तो एक खोडतो. इनस्क्रिप्टमध्ये माझ्या अंदाजानं सगळ्यात जास्त मार खाणारी दोन बटणं म्हणजे इंग्रजी ई, जिथं काना आहे, आणि डी, जिथं अक्षराचा पाय मोडतो. माझी नेमकी तीच बिघडली. काना दोनदा आला की दुसरा काना टिंबाटिंबांच्या गोलाला टेकून उभा राहतो. पाय दोनदा मोडला की जोडाक्षर फुटतं आणि मधे पुन्हा तोच गोल. आता मराठीत काना किंवा पायमोड लागोपाठ दोनदा येतच नाही, म्हणून सुरुवातीला मी हुशारी केली. काम संपलं की वर्डमध्ये दोन काने शोधून एक करायचा, दोन पायमोडी शोधून एक करायची. दोनेक महिने भागलं. मग द बिघडला. 'मदत'ची 'मददत' व्हायला लागली. व्यंजनाला ही युक्ती चालत नाही. उद्या ब बिघडला तर बबन कुठला आणि बन कुठलं, हे वर्डला कोण सांगणार?

शेवटचा घाव एका भाडेकराराचा. संध्याकाळची वेळ, लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर काम, पक्षकार दारात उभा. घाईत ते शोधून बदलायचं राहिलं. पानाच्या खालच्या बाजूला 'विद्यमान'मध्ये पाय दोनदा मोडलेला, मधोमध टिंबांचा गोल, आणि हे सगळं मुद्रांकावर छापून बाहेर आलं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून शंभराच्या मुद्रांकाची जागा पाचशेच्यानं घेतलीय, म्हणजे एका बटणाच्या थरथरीला पाचशे रुपये. वकीलसाहेब काही बोलले नाहीत. नुसतं चष्म्यावरून बघितलं. दुसरा मुद्रांक माझ्या खिशातून आला.

त्याआधी दुरुस्ती करून पाहिली नव्हती असं नाही. सोल्डर केलेल्या बोर्डात स्विच बदलायचा म्हणजे सगळ्या की-कॅप, म्हणजे बटणांच्या टोप्या, काढा, बॉडी उघडा, बोर्ड बाहेर काढा, कथील तापवून ओढून घ्या, मग कुठं स्विच सुटतो. ओळखीच्या दुरुस्तीवाल्यानं ईचा स्विच नीट बदलून दिला. डीच्या वेळी म्हणाला, "काका, स्विच निघंल, पण खालचा तांब्याचा गोल टिकंल का नाही, सांगता येत नाही." टिकला नाही. मग त्यानं बारीक वायर टाकून जोडणी केली. काम चोख होतं, त्याला नावं ठेवत नाही. पण कीबोर्ड दोन दिवस दुकानात आणि मी घरी लॅपटॉपच्या चपट्या बटणांवर बोटं आपटत. दीड महिन्यानं द गेला आणि मी हात टेकले.

दुसरा कीबोर्ड घेताना हॉट-स्वॅप ही एकच अट होती. तपकिरी स्विच घेतले वरच्या पोरांसाठी, कारण त्यात झटका असतो पण टकटक नसते, आणि त्यातही डबीबंद जातीचे, कैल कंपनी 'बॉक्स' म्हणून विकते ते. त्यांच्यात टेकायची जागा छोट्या डबीत झाकलेली असते आणि कंपनी त्यांना धूळ-पाणी अडवण्याच्या आयपी ५६ दर्जाचं म्हणते. त्यातल्या पाचाचा अर्थ धूळ अजिबात जात नाही असा नाही; काम अडेल इतकी जात नाही, एवढाच. माझ्या टेबलावर तरी तो दावा बराचसा खरा निघाला. दीड वर्षात एकदाच डी दुहेरी झाला, तोही रात्री साडेदहाला, सकाळी द्यायचं काम हातात असताना. घरात जादा स्विच नव्हता. स्क्रोल लॉक हे बटण मी जन्मात दाबलं नसेल. त्याचा स्विच उपटला, डीच्या जागी बसवला, डीचा तिकडं टाकला. चार मिनिटं. चहा गार व्हायच्या आत पुन्हा टायपिंग सुरू. पहिल्या कीबोर्डाशी मी इतकी वर्षं काढली, पण ही सोय त्यानं कधी दिली नसती. सवयीनं आता जादाचे दहा स्विच औषधाच्या डबीत घालून ठेवलेत.

तपकिरीत उणं काय? झटका मिळमिळीत. निळ्यावरून आलेल्या माणसाला पहिले आठ-पंधरा दिवस वरण आळणी झाल्यासारखं वाटतं. लाल स्विचपेक्षा मात्र मी तपकिरीच बरा म्हणेन. लाल इतका हलका की बोट नुसतं टेकवलं तरी अक्षर पडतं. मॅग्नेटिक स्विचमध्ये धातू धातूला टेकतच नाही, म्हणून धुळीचा हा रोग त्यांना होत नाही, पण ते बहुतेक सगळे लालसारखेच गुळगुळीत असतात आणि माझ्या बडव्या बोटांना झटका लागतो.

मराठीवाल्यांनी आकार निवडताना आणखी एक बघावं, कारण दुकानदार हे सांगत नाही. इनस्क्रिप्टमध्ये डावीकडं स्वर, उजवीकडं बहुतेक व्यंजनं, आणि ण, ळ, श, ष, थ, ध, भ सगळी शिफ्टवर. म्हणजे दोन्ही शिफ्ट दिवसभर राबतात. बारक्या बोर्डांवर उजवा शिफ्ट आखूड असतो, करंगळी बाजूच्या बाणावर जाते आणि कर्सर भलतीकडं पळतो. आकड्यांच्या ओळीवर शिफ्टसकट ज्ञ, त्र, क्ष, श्र बसलेले, म्हणून ती ओळच नसलेला बोर्ड घेऊ नका. ऑ वाले शब्द रोज येत असतील तर एंटरच्या वरचं उलट्या तिरक्या रेघेचं बटण जागेवर आहे ना, तेही बघा. 'डॉक्टर'चा ऑ तिथं आहे. ८७ बटणांत हे सगळं बसतं, म्हणून मी त्याच्या खाली उतरलो नाही. नंबरपॅड वेगळा विकत मिळतो. मी अजून घेतलेला नाही.

हॉट-स्वॅप घेताना दोन ठिकाणी फसगत होते. काही स्वस्त बोर्डांच्या सॉकेटमध्ये बारीक पिनांचेच स्विच जातात, म्हणून आधी विचारा. आणि तीन पिनांच्या बोर्डात पाच पिनांचा स्विच बसवायचा तर दोन प्लॅस्टिकच्या कापाव्या लागतात. बसवताना केबल काढलेली हवी, स्विच सरळ धरून दाबायचा. वाकडा गेला की तांब्याची पिन आतल्या आत मुडपते आणि माणूस स्विचला शिव्या देत बसतो. मी पहिल्याच दिवशी तीन मुडपल्या. नखानं सरळ केल्या, चालल्या.

निगा दोन्हींची सारखीच आणि कंटाळवाणी. रोज काम संपलं की वर कापड. माझ्या कीबोर्डावर आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा असतो. प्लॅस्टिकच्या कव्हरपेक्षा बरा, कारण घडी करून त्यानंच पुसताही येतं. आठवड्याला उलटा करून झटकायचा, रंगाच्या मऊ ब्रशनं फटी झाडायच्या. तीन-चार महिन्यांनी की-कॅप काढून कोमट पाण्यात साबण घालून धुवायच्या. तांब्याभर पाणी पुरतं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेल्या गावात यापेक्षा जास्त सांगवत नाही. आतल्या बाजूला थेंब राहू द्यायचा नाही. की-कॅप काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, नाहीतर कंट्रोल आणि अल्ट कुठला कुठं हे शोधत बसाल. की-कॅप पीबीटी प्लॅस्टिकच्या असल्या तर लवकर चकाकत नाहीत. एबीएस प्लॅस्टिकच्या माझ्या पहिल्या कीबोर्डावर काना वर्षातच आरशासारखा झाला होता.

तेल मात्र घालू नका. स्पेस बार करकरला म्हणून मी एकदा शिलाई मशीनचं तेल सोडलं. करकर थांबली, पण पंधरा दिवसांत तेलावर डाळीची भुकटी बसून खाली पिठलं तयार झालं. स्पेस बारच्या तारेला घट्ट सिलिकॉन ग्रीसचा ठिपका पुरतो, बाकी स्विच आपल्याकडच्या हवेत कोरडेच बरे.

तर कुणी कुठला घ्यावा? तुमचं ऑफिस बंद काचेचं असेल, काम इंग्रजीचं किंवा हिशेबाचं असेल, वर पोरं अभ्यास करत नसतील, तर निळा घ्या. स्वस्तात मिळतो, दणकट असतो, आणि त्याच्या टकटकीत एक मजा आहे ती तपकिरीत नाही. मलाही अधूनमधून आठवण येते. पण खिडकी उघडी ठेवून मराठी टाइप करत असाल, तर स्विच उपटता येणं ही चैन नाही असं माझं मत पडलं. दोन्हींच्या किमतीत मला हजार-बाराशेचा फरक पडला; त्यातले पाचशे त्या मुद्रांकानं आधीच नेले होते.

पहिला कीबोर्ड मी टाकला नाही. तो सध्या औसा रोडला भाच्याच्या खताच्या दुकानात आहे, टॅलीवर. दिवसभर नंबरपॅडच चालतो. परवा गेलो तेव्हा विचारलं, "डी दोनदा येतो का रे?" तो म्हणाला, "मामा, येतो. डीएपी लिहिताना."