कॅसलव्हेनिया ३: जपानी खेळावा की अमेरिकी?

कोनामी कंपनीने हा व्हिडिओ गेम जपानमध्ये डिसेंबर १९८९मध्ये ‘अकुमाजो देन्सेत्सु’ या नावाने काढला. अमेरिकेत तो सप्टेंबर १९९०मध्ये ‘कॅसलव्हेनिया ३: ड्रॅक्युलाज कर्स’ म्हणून आला आणि युरोपात पोचेपर्यंत १९९२ उजाडलं. गोष्ट एकच, फुटणाऱ्या वाटा त्याच, नायकाला भेटणारे तीन सोबतीही तेच. जपानी आवृत्तीत नायक राल्फ बेलमोंडो आहे, अमेरिकी आवृत्तीत ट्रेव्हर बेलमाँट. इतपत फरक असता तर कुठलीही आवृत्ती उचला असंच म्हटलं असतं. पण खेळायला बसलं की दोन्हींचा स्वभाव बराच वेगळा निघतो.

या तुलनेत सगळे आधी संगीताबद्दल बोलतात, आणि त्याला कारण आहे. फॅमिकॉमला, म्हणजे निन्टेंडोच्या जपानी गेम मशीनला, स्वतःचे आवाजाचे पाच चॅनेल असतात: दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉइज आणि एक सॅम्पलचा. कोनामीने जपानी कार्ट्रिजमध्ये (मशीनच्या खाचेत बसणाऱ्या गेमच्या डबीत) व्हीआरसी ६ ही स्वतःची चिप बसवली. तिच्यामुळे आणखी दोन पल्स आणि एक सॉटूथ मिळाले, म्हणजे एकूण आठ. पहिल्याच लेव्हलचं ‘बिगिनिंग’ ऐका. खालचा सूर भरदार येतो, मागे दुसरी ओळ चालू असते आणि एवढंसं मशीन आपल्या ऐपतीबाहेरचं वाजवतंय असं वाटतं. ही चिप जेमतेम तीन गेममध्ये वापरली गेली, त्यातला हा एक.

अमेरिकेत हे जमलं नाही, कारण अडचण कार्ट्रिजच्या खाचेतच होती. फॅमिकॉमची कार्ट्रिज ६० पिनांची. तिच्या दोन पिनांमधून मशीनचा आवाज कार्ट्रिजमध्ये जातो आणि तिथला आवाज मिसळून परत येतो. एनईएस म्हणजे फॅमिकॉमचं अमेरिकेतलं रूप, त्याच्या ७२ पिनांच्या खाचेत ही सोयच ठेवली नव्हती. आवाजाची ती वाट मशीनच्या पोटाखालच्या एक्स्पान्शन पोर्टकडे वळवली होती, आणि तो पोर्ट कधी फारसा कामाला आला नाही. म्हणून अमेरिकी आवृत्तीत निन्टेंडोची एमएमसी ५ चिप आली आणि सगळं संगीत पाच चॅनेलमध्ये नव्याने बसवावं लागलं. गंमत म्हणजे एमएमसी ५लाही स्वतःचे जादा आवाज आहेत, पण एनईएसवर ते बाहेर पडायला वाटच नाही. तरीही अमेरिकी संगीत टाकाऊ अजिबात नाही. चाली त्याच आहेत आणि त्या इतक्या पक्क्या आहेत की भरणा कमी झाला तरी तोल जात नाही. दोन्ही लागोपाठ ऐकले नाहीत तर काही कमी आहे असं जाणवणारही नाही.

म्हणून माझ्या मते निवड संगीतावरून करू नये. ती तीन सोबत्यांपैकी ग्रँटवरून करावी.

ग्रँट भिंतींना चिकटतो, छतावरून सरपटतो, उंच उडी मारतो आणि हवेत असताना दिशाही बदलू शकतो. ट्रेव्हरने उडी घेतली की घेतली, मध्येच मन बदलायची सोय नाही. हे ज्याने खड्ड्यांच्या कडेवर भोगलंय त्याला ग्रँटची किंमत सांगायला नको. जपानी आवृत्तीत ग्रँटचं साधं हत्यारच फेकायचा खंजीर आहे. हार्ट, म्हणजे जादा हत्यारं वापरायला लागणारा साठा, खर्च होत नाहीत, कितीही फेका. भिंतीला लटकून लांबूनच शत्रू टिपता येतो, त्यामुळे अख्खा गेम त्याच्या भरवशावर नेता येतो. अमेरिकी आवृत्तीत त्याच्या हातात उरतो भोसकायचा आखूड सुरा. फेकायचा खंजीर सबवेपन झाला, म्हणजे आधी तो मिळायला हवा आणि मग प्रत्येक फेकीला हार्ट मोजायचे. परिणाम असा की तिथे ग्रँट चढाईपुरता वापरतात आणि बॉस दिसला की सिलेक्ट दाबून पुन्हा चाबूकवाल्या ट्रेव्हरकडे येतात. एका पात्राची धार अशी कमी केली की वाट कुठली घ्यायची, सोबत कुणाला न्यायचं, ही सगळी गणितं बदलतात. अमेरिकी आवृत्तीत सायफा या दुसऱ्या सोबत्याची वीज आणि बर्फ जास्त मोलाचे ठरतात, ते यामुळेच.

दुसरा मोठा फरक माराचा. जपानी आवृत्तीत किती ऊर्जा जाईल हे कुठल्या शत्रूने मारलं यावर ठरतं. अमेरिकी आवृत्तीत ते लेव्हलवर ठरतं: जसजसे पुढे जाल तसतसा प्रत्येक फटका महाग, मग मारणारा कुणीही असो. शेवटी शेवटी मेडुसाचं तरंगतं मुंडकं नुसतं घासून गेलं तरी कळवळायला होतं, आणि वर धक्क्याने खड्ड्यात पडायची भीती आहेच. जपानी पद्धत मला जास्त न्याय्य वाटते, कारण शत्रू बघून धोका पत्करायचा की नाही हे ठरवता येतं. अमेरिकी पद्धतीत धडा एकच: लागूच द्यायचं नाही. काहींना हीच शिस्त आवडते. त्यांच्याशी वाद नाही.

चित्रांमधली काटछाट दोन ओळींत उरकते. अमेरिकेत निन्टेंडोचे नियम कडक होते, म्हणून मागच्या नग्न पुतळ्यांना कपडे चढले आणि मेडुसाची छाती सपाट झाली. खेळण्यावर याचा काडीचाही परिणाम नाही.

भाषेची भीतीही बाळगू नका. जपानी आवृत्तीत वाचायला फार थोडं आहे: सुरुवातीची कथा, सोबती भेटतात तेव्हाचे संवाद, शेवट. सोबत्याला घ्यायचं की नाही एवढाच खरा प्रश्न येतो आणि तो एकदा समजला की पुढे अडत नाही.

कुठे खेळणार हेही बघा. जपानी कार्ट्रिज अडॅप्टर लावून एनईएसवर चालवली, तर मशीनमध्ये आवाजाची जोडणी करून घेतल्याशिवाय जादा तीन चॅनेल ऐकूच येत नाहीत. ज्यासाठी ती घेतली तेच हरवतं. सरळ मार्ग म्हणजे २०१९चं ‘कॅसलव्हेनिया ॲनिव्हर्सरी कलेक्शन’. त्यात आधी अमेरिकी आवृत्ती होती, नंतरच्या मोफत अपडेटने जपानीही आली, म्हणजे एकाच खरेदीत दोन्ही. युरोपी आवृत्तीकडे मात्र संग्राहकांनीच बघावं. ती ५० हर्ट्झच्या टीव्हींसाठी होती, आणि खेळण्याच्या दृष्टीने जपानीपेक्षा अमेरिकीच्याच जवळची आहे.

पहिल्यांदाच खेळत असाल तर जपानी घ्या, आणि ग्रँट भेटला की त्याला नाही म्हणू नका. लहानपणी अमेरिकी अर्धवट राहिला असेल आणि तो हिशेब चुकता करायचा असेल, तर तोच घ्या, जपानीवर जिंकून ते समाधान मिळणार नाही. फक्त सुरुवातीला नाव विचारतात तिथे इंग्रजी अक्षरांत ‘हेल्प मी’ भरा. १० लाइफ घेऊन सुरुवात होते, आणि त्यात कमीपणा काही नाही.