डे मॉइनमधलं (अमेरिकेतलं आयोवा राज्य) ब्लॅक वकिलांचं मोफत लीगल क्लिनिक, माझा अनुभव

घर सोडून दीड महिना झाला तरी डिपॉझिट परत येईना, मालकाला फोन केला की "बघतो" एवढंच, आणि वकील करायचा तर तासाचे पैसे कुठून आणायचे. शेवटी ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली शनिवारी आमच्या वकील संघटनेचं कायदेशीर सल्ल्याचं क्लिनिक असतं तिकडे जा. मला वाटलं ब्लॅक वकिलांचं आहे, आपल्याला कोण घेणार, पण दारात कुणी काही विचारलं नाही, नंबरची चिठ्ठी दिली आणि बसा म्हणाले.

दोन तास बसावं लागलं हे खरं, टेबलं कमी आणि माणसं भरपूर. पण नंबर लागल्यावर ज्या वकीलबाई भेटल्या त्यांनी अजिबात घाई केली नाही. घर सोडल्याची तारीख विचारली, नवा पत्ता लेखी कळवला होता का विचारलं (ईमेल केला होता, नशीब!), मग लीजवर बोट ठेवून म्हणाल्या, आयोवात 30 दिवसांत पैसे परत नाहीतर कशाचे किती कापले ते लेखी द्यावं लागतं, नाही दिलं तर पैसे ठेवायचा हक्कच जातो. पत्र माझ्याकडूनच लिहून घेतलं, मोठ्याने वाचायला लावलं, माझं एक रागाचं वाक्य खोडलं. नवव्या दिवशी चेक आला.

निघताना विचारलं हे फुकट का करता, तर म्हणाल्या सुरुवात इथलीच आहे. 1925 मध्ये याच शहरात 12 ब्लॅक वकिलांनी नॅशनल बार असोसिएशन काढली, कारण त्यांच्यातल्या काहींना अमेरिकन बार असोसिएशनने घेतलंच नव्हतं. बारा जणांत बाई एकच, गर्ट्रूड रश, आयोवातली पहिली ब्लॅक महिला वकील, 1918 पासूनची. मोठ्या संघटनेने वंश आड येणार नाही असा ठराव केला तो थेट 1943 मध्ये! आणि स्वतःसाठीच दारं बंद असलेली ही माणसं 1940 च्या सुमारास, जिथे ब्लॅक वस्ती 5,000 च्या वर आहे अशा प्रत्येक शहरात मोफत क्लिनिक काढायच्या मागे होती. हे ऐकून खरंच भरून आलं. येताना नदीजवळचं त्यांचं स्मारक मुद्दाम बघून आले, काळ्या विटांचे एकावर एक दोन ढोल.

पाच पैकी पाच. जाताना लीज, फोटो, मेसेज सगळ्याचे प्रिंट न्या, मोबाईलमध्ये शोधत बसलं की तुमचाच वेळ जातो.