गेटजवळचे तीन खांब

माझी फसवणूक झाली ती १ लाख १५ हजारांना. आकडा आधीच सांगून टाकते, कारण नातेवाइकांनी पहिल्यांदा तोच विचारला आणि मी प्रत्येकाला थोडा थोडा कमी करून सांगितला.

दापोली तालुक्यात आमचं सासरचं घर आहे, समुद्रापासून पायी दहा मिनिटांवर. आम्ही डोंबिवलीत, सासूबाई गावाला. वाडीच्या रस्त्याकडच्या अंगाला १२० फूट तारेचं कुंपण होतं. सासऱ्यांनी २०११ साली सिमेंटचे पोल आणून घातलेले. चार बाय चार इंच जाडीचे, सात फुटी, दोन फूट जमिनीत, साधारण आठ-आठ फुटांवर एक, असे १६. पोल ठणठणीत होते. काटेरी तार मात्र खाऱ्या हवेने इतकी गंजली होती की गुरं अंग घासायला यायची आणि जाताना तार घेऊन जायची.

मला त्याच पोलांवर लाकडी कुंपण हवं होतं. हौस, दुसरं काही नाही. मे महिन्यात दोन खोल्या पर्यटकांना देतो, त्यांना फोटोत बरं दिसेल, हे कारण मी घरात पुढे केलं. सासूबाई म्हणाल्या, "चिऱ्याचा गडगा घाला आणि मोकळ्या व्हा." म्हणजे जांभ्या दगडाची बुटकी भिंत. आमच्या गावचे जुने सुतार, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांचंही तेच. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि वाळवी तर घरचीच. मी म्हटलं, सागवान घालू. घराचे खांब नाही का इतकी वर्षं उभे आहेत? अण्णा म्हणाले, "खांब छपराखाली आहेत वैनी, पावसात नाहीत."

अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे ते काम घेणार नव्हते. मग नवऱ्याच्या मावसभावाच्या ओळखीतून एक ठेकेदार मिळाला. नाव लिहीत नाही. चाळिशीचा, बोलायला अतिशय गोड, पहिल्याच फोनवर मला "ताई" करून टाकलं. त्याने आम्हाला गाडीत घालून एका बंगल्याचं झालेलं काम दाखवायला नेलं. मालक मुंबईला होते, गेटला कुलूप. आम्ही गेटजवळ उभं राहून कुंपण बघितलं, मी लाकडावरून हात फिरवला, छान म्हटलं आणि परत आलो. ते कुंपण पुढे कुठपर्यंत गेलंय, मागच्या बाजूने कसं आहे, हे चार पावलं चालून बघावं असं दोघांच्याही मनात आलं नाही.

कोटेशन व्हॉट्सअॅपवर आलं. प्रत्येक गाळ्याला, म्हणजे दोन पोलांमधल्या भागाला, तीन बाय दोन इंची दोन आडव्या पट्ट्या, त्यावर तीन इंच रुंद, एक इंच जाड, चार फूट उंच उभ्या फळ्या, मध्ये तीन इंच फट. पंधरा गाळे, म्हणजे ३० पट्ट्या आणि २४० फळ्या. लाकूड ३० घनफूट, २,८०० रुपये दराने ८४,००० रुपये. 'केमिकल ट्रीटमेंट' ७,५००. मजुरी फुटाला १५०, म्हणजे १८,०००. पोलाला वेढून बसणारे गॅल्व्हनाइज्ड क्लॅम्प ३२ नग, १८० प्रमाणे ५,७६०. वरचे २६० रुपये त्याने सोडले. माझ्या नवऱ्याने घनफुटाचा हिशेब मांडून बघितला: फुटातली लांबी गुणिले इंचातली रुंदी गुणिले इंचातली जाडी, भागिले १४४. बरोबर ३० आले. आम्ही खूश. गणित जुळलं की माणूस प्रामाणिक वाटतो, हा आमच्या घरातला जुना रोग आहे.

त्या कोटेशनमध्ये एक शब्द होता. 'सागवान क्वालिटी लाकूड'. 'सागवान' नव्हे. मी तो तेव्हा वाचला, डोळ्यांखालून गेला, आणि काही वाटलं नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा डोक्यात यायला हवी होती. सागाच्या आतल्या गाभ्याला मुळात वाळवी फारशी लागत नाही, त्यात तेलच तसं असतं. आणि त्या गाभ्यात औषधही सहज मुरत नाही. मग सागवानाला साडेसात हजारांची ट्रीटमेंट कशाला? तो म्हणाला होता, "ताई, डबल सेफ्टी."

एप्रिल २०२३ मध्ये काम सुरू झालं. ७० हजार आधी दिले. लाकूड टेम्पोतून उतरलं तेच गडद तपकिरी रंगवलेलं. "ट्रीटमेंट आणि पॉलिश वखारीतच करून आणलंय, इथे धूळ बसते." पहिल्या दिवशी मी तिथेच होते. गेटपासून सुरुवात केली. दोन गाळे, तीन खांब. पोलाला पत्र्याची जाड पट्टी वेढून, बोल्टने आवळून, लाकूड आणि सिमेंट यांच्यामध्ये रबराची चकती. एक तुकडा मी मुद्दाम कापायला लावला. आतून सोनेरी तपकिरी, चामड्यासारखा सागाचा वास. मी निर्धास्त होऊन दुसऱ्या दिवशी डोंबिवलीला आले. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्या उतारावरून ओढ्याकडच्या टोकाला जात नाहीत, हे त्याला दोन दिवसांत कळलं असणार. पुढे रोज फोटो येत राहिले, सगळे रस्त्यावरून काढलेले. ३५ हजार, मग शेवटचे १० हजार. काम संपलं त्याच संध्याकाळी आम्ही पूर्ण पैसे देऊन टाकले. मी वर "दादा, फार सुंदर" असंही लिहिलं. तो मेसेज अजून आहे, पुसायचा धीर होत नाही.

जूनच्या अखेरीस एका वादळी रात्री ओढ्याकडचा गाळा अख्खा आडवा झाला. सासूबाईंचा फोन: "तुझं कुंपण झोपलंय."

शनिवारी गेलो. अण्णांना सोबत घेतलं. त्यांनी पडलेली एक फळी उचलली, हातात खालीवर केली आणि काही न बोलता माझ्या हातात दिली. नंतर गेटजवळच्या फळीला हात लावायला सांगितला. उचलायची गरजच नव्हती, बोटांनी ठोकल्यावर आवाजच वेगळा. पडलेल्या फळीवरचा रंग अण्णांनी पटाशीने खरवडला. खाली पांढरंफटक लाकूड. अंगठ्याचं नख दाबलं, ते लोण्यात रुतावं तसं रुतलं. "काटेसावर आहे ही," म्हणाले. सागवान भरतं घनफुटाला अठरा किलोच्या आसपास, आणि सावर जेमतेम दहा-अकरा. म्हणजे वजनकाटा जरी लावला असता तरी कळलं असतं. आडव्या पट्ट्या सागाच्याच होत्या, पण कोवळ्या झाडांच्या बाहेरच्या पांढऱ्या भागाच्या, गाभा नावालाही नाही. त्या पांढऱ्या भागात झाडाचा अन्नसाठा राहिलेला असतो, किडीला तेच हवं. नाव सागाचं, टिकाऊपणा काहीच नाही. ट्रीटमेंट म्हणजे रंगाचा हात. फळी मधून कापली तर औषध आत गेल्याची खूण कुठेच नव्हती.

पण लाकडापेक्षा मला पोलांचं जास्त लागलं. लाकूड बदलता येतं. सासऱ्यांनी बैलगाडीच्या वाटेने स्वतः उतरवून घेतलेले पोल कुठून आणायचे?

क्लॅम्प फक्त गेटजवळच्या तीन खांबांना. सहा नग. बाकीच्या तेरा पोलांना सरळ हॅमर ड्रिलने भोकं पाडून, त्यात लाकडी गट्टू ठोकून काळे स्क्रू मारले होते. हे काळे स्क्रू घरातल्या जिप्समच्या छतासाठी असतात, बाहेरच्या पावसासाठी नाहीत. दोन महिन्यांत त्यांच्याखालून गंजाचे ओघळ आले होते. गट्टू पावसात फुगला, पोलाला आतून तडा. काही भोकं कडेपासून बोटभर अंतरावर, तिथला कोपराच उडालेला. तो उडालेला कोपरा सिमेंटचा लेप देऊन वर रंग मारून झाकला होता. हे पोल ताणलेल्या पोलादी तारांवर ओततात, तारा कोपऱ्यांच्या जवळ असतात. कोपरा गेला की तार उघडी, आणि समुद्राच्या हवेत उघडी तार गंजते, फुगते, उरलेलं काँक्रीट फोडते. तेरापैकी पाच पोल असे गेले. बाकीचे किती दिवस, ते बघायचं.

आणि माप. पोल कुणी फूटपट्टीने लावत नाही. आमच्याकडे कुठे पावणेआठ फूट, कुठे आठ फूट दोन इंच. पट्ट्या प्रत्येक गाळा मोजून जागेवर कापायला हव्या होत्या, म्हणजे चार इंचाच्या पोलावर दोन्ही बाजूंच्या पट्टीला दोन-दोन इंच बूड मिळतं. त्याने सगळ्या वखारीतून आठ फुटी कापून आणलेल्या. मोठ्या गाळ्यात टोकाला एकच इंच टेकत होता, त्यात भोक न पाडता स्क्रू मारला की लाकूड चिरणारच.

जाडी अण्णांनीच मोजली, आपल्या जुन्या घडीच्या पट्टीवर. आठ सूत म्हणजे एक इंच. "रंध्याने सूतभर जाईल, दीड सूत जाईल. हे पाच सूत राहिलंय." रुंदी पावणेतीन. आडव्या पट्ट्या तीन बाय दोनच्या जागी अडीच बाय दीड. नवऱ्याने तिथेच पायरीवर बसून पुन्हा तेच गणित केलं. ३० घनफुटांच्या पैशात आम्हाला १८ घनफूटही मिळालं नव्हतं. नुसत्या मापातच ३४ हजारांच्या वर गेले, लाकूड कोणतं हा प्रश्न वेगळाच.

फोन केला तर शांतपणे म्हणाला, "ताई, सागवान क्वालिटी लिहिलंय मी. सागवान कुठे लिहिलंय?" मग वादळ म्हणजे देवाची करणी. मग फोन बंद. पोलिसांनी हे दिवाणी प्रकरण आहे म्हणून सांगितलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोलले, तिथे निदान रीत समजली: जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जायचं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. आमच्याकडे पक्कं बिल नव्हतं, जीएसटी वाचतो म्हणून आम्हीच नको म्हटलं होतं; पण ऑनलाइन पैसे दिल्याच्या नोंदी, कोटेशन आणि मापांसकट फोटो होते. वकिलामार्फत रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस गेली आणि दादांचा फोन लगेच सुरू झाला. तीन हप्त्यांत ४० हजार परत आले. सासूबाई म्हणाल्या, आता पुरे, आणि मी थांबले. थांबायला नको होतं असं अजून वाटतं.

तुमच्याकडे जुने पोल असतील आणि त्यावर लाकूड बसवायचं असेल, तर पोलाला भोक पाडू देऊ नका. वेढणारा क्लॅम्पच घ्या, आणि तो शेवटच्या खांबापर्यंत आहे का हे स्वतः चालत जाऊन बघा. लाकूड बिनरंगी उतरवून घ्या. रंग नंतर, तुमच्यासमोर. फळीचं खालचं टोक जमिनीपासून तीन बोटं वर. बिलावर झाडाचं नाव, वखारीचा शिक्का, आणि माप रंधा मारण्याआधीचं की नंतरचं, ते लिहून घ्या. शेवटचे पैसे एक पाऊस पडेपर्यंत हातात ठेवा. जो यावर चिडेल त्याला काम देऊ नका.

आता ओढ्याकडे अण्णांच्या पुतण्याने चिऱ्याचा गडगा घातलाय. गेटजवळचे दोन गाळे तसेच ठेवले, ते खरोखर चांगले आहेत.

गेल्या दिवाळीत एका अनोळखी बाईंचा फोन आला. गुहागरला घर बांधतायत, कुंपण करायचंय. "तुमच्याकडचं काम बघायला येऊ का? त्यांनी तुमचाच पत्ता दिलाय, गेटवरूनसुद्धा दिसतं म्हणाले."

मी म्हटलं, अवश्य या. येताना मोजपट्टी आणा, आणि गेटवर थांबू नका, ओढ्याच्या बाजूने या.